दोन काचा

उम्म अल क्वैनच्या खाडीला लागून असलेल्या यार्डात
अठरा वर्षं मी होड्यांवर काच चढवतोय.
आरशाची नव्हे. गोणपाटासारखी विणलेली, पांढरी,
रेझिन प्यायली की साच्याच्या अंगासरशी बसणारी,
आणि बाहीतून कोपरापर्यंत शिरून
रात्रभर खाजणारी.
तिला कधी नाव विचारलं नाही.
काच म्हणायचो, झालं.

ईदनंतरच्या आठवड्यात खल्फान बिन सुहैल आला.
बगलेत निळा पाइप, पाइपात दोन गळकाठ्या,
दोन्ही मधोमध मोडलेल्या.
कुणी इंजिनिअर देश सोडताना ठेवून गेलेला.
"तू काचेचा माणूस ना? मग जोड."

एक मधासारखी पिवळी, उन्हात धरली तर आत बोटांची सावली दिसायची.
दुसरी करपलेल्या गुळाची.
मला वाटलं फरक एवढाच.
पण रंग रेझिनचा असतो, काचेला रंग कुठला?
मुठीजवळ पुसट अक्षरं होती: पिवळीवर ई, तपकिरीवर एस.

स्टोअरच्या वर्गीसला विचारलं.
तो हिशेबाची वही न मिटताच म्हणाला,
ई विजेच्या कामासाठी निघाली, स्वस्त, जाईल तिथे सापडते,
तुझ्या होड्या, टाक्या, पाइप, सगळी तीच.
एस महाग. हलकी, ताठ. विमानाबिमानासाठी.
आपल्याकडे एक वार नाही, आणि मागवणारही नाही.

म्हणजे अठरा वर्षं
मी जिला अंगावर घेऊन जेवायला बसलो
ती ई.

पोकळ काठी जोडायची तर आत खुंटी लागते,
बाहेरून रेशमी दोरा, वर इपॉक्सीचा हात,
आणि तो वाळेपर्यंत काठी हळूहळू फिरवत बसायचं,
नाहीतर ओघळ एका बाजूला पोट धरतो.
पिवळीत ईची खुंटी घातली.
तपकिरीतही तीच घातली.
दुसरी होती कुठे?
खल्फानला सांगितलं नाही.

आमच्या रेवदंड्याला पोशा नाखवा, म्हणजे माझा बाप,
गळ टाकणाऱ्याला रिकामटेकडा म्हणायचा.
जाळं हे काम, गळ ही खाज.
त्यात ह्या काठीला मासा धरायला आमिष नाही,
पिसांची खोटी माशी.
माशी दाखवून मासा!
बाप असता तर खोकला येईस्तोवर हसला असता.

शुक्रवारी पहाटे तिवरांच्या कडेला, घोटाभर पाण्यात,
खल्फाननं आधी पिवळी माझ्या हातात दिली.
मी जाळं फेकल्यासारखी फेकली. दोरी माझ्याच टोपीत.
"थांब," तो म्हणाला, "मागे गेलेली दोरी उलगडू दे."
थांबलो.
पिवळी मुठीपर्यंत वाकली, अगदी तळव्यात कळलं,
मग सावकाश सरळ झाली,
बोलावल्यावर हातातलं काम ठेवून येणाऱ्या बाईसारखी.
तपकिरी तशी नाही.
ती वाकते न वाकते तोच परत जागेवर,
दोरी पार बगळ्यांच्या पलीकडे.
तिच्यासाठी थांबायचं कमी, पण चुकलं तर चुकलंच.
पिवळी चुकलेल्या हातालाही सांभाळून घेते.

तपकिरीवर खल्फानची दुसरी फेक.
तो मध्येच थांबला. जोडावरून अंगठा फिरवला.
"इथे एक जण उशिरा उठतो."

मी पाण्याकडे बघत राहिलो. मग म्हटलं, ई आहे.
एस नव्हती.
तो काही बोलला नाही. माशी पुन्हा फेकली,
ह्या वेळी मागे अर्धा श्वास जास्त थांबून,
त्या उशिरा उठणाऱ्यासाठी.
बोयींचा थवा फुटला, कुणी माशीला तोंड लावलं नाही.
"राहू दे," म्हणाला. "आता कळलंय कुठे आहे तो."

ओहोटीला चिखल उघडा पडेपर्यंत आम्ही तिथेच.
मासा नाही. वीस दिरहम मजुरी.

त्या रात्री कँपमध्ये कोपर खाजलं,
नेहमीसारखं, पंख्याखाली, दोन वाजता.
खाजवता खाजवता हात थांबला.
ई, मी म्हटलं, मोठ्यानं.
वरच्या बंकावरचा कूस बदलून म्हणाला, काय?
काही नाही.
झोप.